पाद्रीबाबांना विचारलेला एक प्रश्न

गेल्या उपवासकाळातील गोष्ट आहे. दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा वर्ग आम्ही रविवारच्या मराठी मिस्सानंतर घेत होतो. नववी-दहावीतील वीस-बावीस मुले समोर होती. आदल्याच आठवड्यात काही आईवडिलांनी आमच्याकडे गाऱ्हाणे केले होते की, संध्याकाळी माळेच्या प्रार्थनेला मुले बसत नाहीत आणि बसली तरी मांडीवर मोबाईल असतो. त्यामुळे त्या दिवशी आम्ही जरा कठोर शब्दांत बोललो. उपवासकाळ म्हणजे केवळ मांसाहार सोडणे नव्हे, संध्याकाळचा मोबाईलही सोडा, असे बजावले. त्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला आणि अगदी सरळपणे विचारले, "फादर, मोबाईल ठेवला बाजूला. माळ वीस मिनिटांत होते. मग झोपेपर्यंत करायचं काय?"

वर्ग हसला. आम्हीही हसण्यावारी नेले आणि पवित्र आत्म्याच्या सात दानांकडे वळलो. परंतु रात्री तो प्रश्न पुन्हा आठवला आणि मनाला चुटपुट लागून राहिली. मुलगा उद्धट नव्हता. शिवाय हाच प्रश्न आपण पूर्वी कोठेतरी वाचला आहे, असे राहून राहून वाटत होते. सकाळी उठून कपाटातून फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण काढले. प्रश्न तेथे होता, आणि तोही पहिल्याच अवस्वरात.

ख्रिस्तपुराणाचे नाव आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असते. त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या शालेय पुस्तकांमुळे कित्येकांच्या ओठांवर असतात. मात्र हे पुराण का रचले गेले याची हकिकत कवीने आरंभीच सांगून ठेवली आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गोव्यातील साष्टी प्रांत. रविवारची दुपार. देवळात पाद्री मुलांना दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती शिकवण, सांगत बसले आहेत. तेथे एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण येतो आणि आदराने म्हणतो की, तुम्ही शिकवता ती दोत्रीन उत्तमच आहे. परंतु आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास तुम्ही आम्हाला मनाई केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हाला का देत नाही? काहीतरी असावे की ज्याने वेळही जाईल आणि देवाची भक्तीही वाढेल.

मोबाईल ठेवला बाजूला, मग करायचे काय? आमच्या मुलाने चारशे वर्षांनंतर तेच विचारले होते. अंतर इतकेच, की पाद्री स्टीफन्स यांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही.

टॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातले. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये कॅथॉलिक असणे धोक्याचे झाले होते. ते रोमला गेले, 1575 साली येशूसंघात दाखल झाले आणि 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. पुढील चाळीस वर्षे, म्हणजे 1619 साली देवाघरी जाईपर्यंत, त्यांचे वास्तव्य मुख्यतः साष्टीतच झाले. 1583 साली त्यांनी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनशी जुळते असे निरीक्षण नोंदविले आहे. ज्या माणसाला परक्या भाषेच्या व्याकरणात इतका रस, त्याला त्या भाषेतल्या मुलांत रस नसता तरच नवल. त्यांच्या नावावर तीन ग्रंथ आहेत आणि या लेखाच्या दृष्टीने त्यांतील दोन महत्त्वाचे. एक ख्रिस्तपुराण, 1616 साली छापलेले. दुसरे दोत्रीनचे छोटे पुस्तक, त्यांच्या मृत्यूनंतर 1622 साली राचोल येथे छापलेले. या दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकातच लिहिले आहे की, ते मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने मांडले आहे. मूळ नमुना पोर्तुगालमधील येशूसंघीय मार्कुस जॉर्ज यांच्या पुस्तकाचा; भाषा मात्र साष्टीतील घराघरांतली कोकणी.

एकाच लेखकाने एकाच लोकांसाठी दोन पुस्तके दोन भाषांत लिहिली, हे आम्हाला फार बोलके वाटते. प्रश्नोत्तरे चुलीपाशी बोलतात त्या कोकणीत. पुराण मात्र मराठीत, मधूनमधून कोकणी शब्दांची पेरणी असलेल्या मराठीत, कारण पोथी ऐकायची ती मराठीत अशीच त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. स्टीफन्स हे संत एकनाथांचे समकालीन. त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी उचलली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत जुना करार व नवा करार सांगितला. स्वर्गाला वैकुंठ म्हटले, सैतानाला देवचार. नागरी अक्षरांचे खिळे नव्हते म्हणून पुस्तक रोमन लिपीत छापावे लागले. येथील लिपीत छपाई व्हावी यासाठी त्यांनी 1608 साली रोमला आपल्या वरिष्ठांकडे विनंतीही केली होती.

परंतु येथे इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती सांगण्याचे आपल्याकडे टाळले जाते. त्या ब्राह्मणाच्या प्रश्नातला पूर्वार्ध आपण भक्तिभावाच्या भरात गिळून टाकतो. पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत, असे तो म्हणतो. नवे पुराण मिळाले, परंतु ते जुने हिरावून घेतल्यानंतर. स्टीफन्स गोव्याला येण्यापूर्वी वीस वर्षे, 1559 साली, पोर्तुगालच्या राजाने फर्मान काढले होते की, गोव्यातील हिंदूंची अनाथ मुले संत पौल विद्यालयाच्या ताब्यात द्यावीत, त्यांना बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती म्हणून वाढवावे. पुढे अंमलबजावणीत, आई जिवंत असतानाही केवळ बाप वारला म्हणून मूल अनाथ ठरू लागले. मुले लपवून, रातोरात नदी ओलांडून कुटुंबे शेजारच्या मुलखात पळून गेली. अ. का. प्रियोळकरांनी हा सारा कागदोपत्री इतिहास मांडला आहे आणि तो वाचताना कोणाही ख्रिस्ती माणसाची मान खाली जाईल.

अशा मुलांतून चांगले ख्रिस्ती निपजलेच नाहीत असे नाही. देवाची कृपा आपल्या चुकांनाही ओलांडून जाते. पण म्हणून चूक ही चूक नव्हती असे ठरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये आणि मुलांच्या धार्मिक शिक्षणाची दिशा ठरविण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे. हे वाक्य लिहायला ख्रिस्तसभेला चारशे वर्षे लागली. साष्टीतील त्या मातांना ते फार उशिरा पोहोचले.

संत फ्रान्सिस झेवियर यांचेही असेच. 1542 च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना हाका मारीत फिरले, हे चित्र आपल्या प्रत्येक शिकवणवर्गाच्या भिंतीवर असते. ते खरेच सुंदर आहे. त्या काळी युरोपातही मुलांना शिकवण देण्याची रीत नव्यानेच मूळ धरीत होती. मिलान शहरात कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो या धर्मगुरूने रविवारच्या शिकवणशाळा सुरू केल्याला जेमतेम सहा वर्षे झाली होती. झेवियर यांनी प्रार्थना चालीवर बसविल्या, मुले त्या गल्लोगल्ली म्हणू लागली, घरी जाऊन आईबापांना व नोकरचाकरांना शिकवू लागली. मूल हेच घराचे धर्मशिक्षक झाले. परंतु मच्छीमार किनाऱ्यावरून परतल्यावर 1544 च्या जानेवारीत लिहिलेल्या पत्रात ते असेही समाधानाने लिहितात की, आईबाप चोरून मूर्तिपूजा करतात तेव्हा मुले येऊन आपणास सांगतात आणि मग सर्व मुलांना घेऊन आपण तेथे जातो व मूर्ती फोडल्या जातात. मुलाच्या हातून आईबापाची चहाडी करविणे हे आज वाचवत नाही. संत झाले तरी ते आपल्या काळाचेच मूल असतात. भिंतीवरचे चित्र काढून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. मुलांना चित्राबरोबर पत्रही सांगावे, ती समजण्याइतकी मोठी झाल्यावर, एवढेच म्हणतो. दहावीतला मुलगा हे अन्यत्र कोठेतरी वाचणारच असतो. ते आपल्याकडून कळले तर त्याचा आपल्यावरील विश्वास टिकतो.

पुढे काय झाले? ख्रिस्तपुराणाच्या 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या. एकाही आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, गोवेकरांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत मुलांनी देवाला हाक मारायला शिकले, तीच भाषा सोडण्याचा हा हुकूम! तो पुरतेपणी कधीच अमलात आला नाही, पण देशी भाषांतील धर्मग्रंथांना त्यानंतर उतरती कळा लागली. पुराण मात्र राहिले ते हातांनी केलेल्या नकलांत आणि गळ्यांत. गोव्यातील व मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत ते गायले जात असे. मंगळूरचे जोसेफ साल्ढाणा यांनी अशाच हस्तलिखितांवरून 1907 साली त्याची पुन्हा छपाई केली. आमच्या पुण्याच्या वाट्याला आलेला मान असा की, देवनागरीत ते प्रथम येथेच छापले गेले. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली प्रसाद प्रकाशनाची आवृत्ती हीच ती. पुढे 1996 साली फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली, आणि 2009 साली फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठी गद्यात अर्थासह ते सिद्ध केले. ग्रंथ आता दुर्मिळ राहिलेला नाही. आपल्या घरांत तो दिसत नाही, एवढे मात्र खरे.

आता प्रश्नोत्तरांविषयी. घोकंपट्टीला नावे ठेवण्याची हल्ली रीत झाली आहे. आम्हीही कधी काळी, विद्यापीठातून नवे नवे बाहेर पडलो तेव्हा, ती ठेवली. अलीकडे आमचे मत बदलले आहे आणि ते इतिहासाने बदलले आहे. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. मोजक्या देशी धर्मगुरूंच्या खांद्यांवर वसई ते साष्टी बेटापर्यंतच्या विस्कटलेल्या धर्मग्रामांचा भार येऊन पडला. मिस्सा केव्हा होईल याची शाश्वती नाही, देवळे पडलेली. अशा वेळी वाडीतल्या क्रुसापुढे आजीला जे पाठ होते तेच नातवाचे धर्मशिक्षण झाले. जे पाठ नव्हते ते हरवले. गंमत अशी की, त्याच पेशवाईने 1792 साली, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, पुण्यात आपल्या फौजेतील ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी जागा दिली. तेथेच आजचे सिटी चर्च उभे आहे. वसईतील पडक्या देवळांपासून नाना पेठेतील या देवळापर्यंतच्या अर्धशतकात श्रद्धा ज्यांनी वाहून आणली, त्यांत धर्मगुरूंपेक्षा आयाबायांची संख्या मोठी असणार.

अहमदनगर जिल्ह्याची कथाही निराळी नाही, आणि ती आमच्या घरची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय केंदळ, संगमनेर या बाजूस खेडोपाडी फिरू लागले. 1886 साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला होता, पण धर्मप्रांत म्हणजे मुख्यतः छावणीतले सैनिक, रेल्वेचे लोक आणि गोवेकर अशीच समजूत होती. नगरच्या खेड्यांतील गावकुसाबाहेरच्या मराठी माणसांनी ती मोडली. फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली केंदळहून 'निरोप्या' मासिक सुरू केले. 1907 साली ते पुण्याचे बिशप झाले. मग महायुद्ध आले. जर्मन धर्मगुरूंना सरकारने नजरकैदेत ठेवले आणि पुढे मायदेशी धाडले. खेड्यांत उरले ते मास्तर.

मास्तर या शब्दाचा खरा अर्थ नगरकडच्या ख्रिस्ती माणसालाच कळेल. दिवसा शाळा, संध्याकाळी प्रार्थना, रविवारी उपासना, कोणी आजारी असेल तर घरी जाऊन डोक्यावर हात ठेवणे, मयत झाले तर माती देणे, आणि पोरांकडून शिकवण पाठ करून घेणे. पगार अगदी थोडा, तोही वेळेवर येईलच असे नाही. आमच्या बालपणी आमच्या गावचे मास्तर म्हातारे झाले होते. त्यांच्या एका हातात शिकवणीचे पुस्तक असे आणि दुसऱ्या हातात निरगुडीची छडी. "देवाने तुला कशाला निर्माण केले?" या प्रश्नाचे उत्तर अडखळले की तळहातावर छडी बसे. देवाने आपल्याला छड्या खायला निर्माण केले, असे आमचे बरेच दिवस मत होते. पण तीच उत्तरे, पुढे आमचे वडील वारले तेव्हा, रात्री कोणी न सांगता ओठांवर आली. छडीचे समर्थन आम्ही करीत नाही. मात्र ज्या मुलाजवळ संकटाच्या रात्री म्हणायला काहीही पाठ नाही, त्याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

आणि मास्तरांपाशी दोत्रीन होती, तसे पुराण आमच्या आजीपाशी होते. ती निरक्षर होती. पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत विठ्ठलही येई आणि मरियामाताही येई. बेथलेहेमच्या गोठ्यात ती आपल्या माहेरच्या गाईचे नाव घाली. ईश्वरविज्ञानाच्या परीक्षेत तिला कोणी उत्तीर्ण केले नसते. पण येशूचा जन्म थंडीत झाला आणि त्याला पांघरूण नव्हते, हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही, त्या जात्याच्या घरघरीतून कळले. जाते गेले, गिरणी आली. ओवी गिरणीत म्हणता येत नाही.

येथे एका आज्ञापत्राचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याचे चांगले आणि अडचणीचे असे दोन्ही परिणाम आम्ही रोज पाहतो. पोप संत दहावे पायस यांनी 1905 साली प्रत्येक धर्मग्रामात रविवारी तासभर मुलांना शिकवण द्यावी असे बंधन घातले, आणि 8 ऑगस्ट 1910 रोजी मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारास प्रथम ख्रिस्तशरीर देण्याची मोकळीक केली. त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी दहा-बारा वर्षांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक, थांबावे लागे. बालकांना प्रभूपासून दूर ठेवू नये हा त्यामागील भाव थोर होता. परंतु आपण काय केले? प्रथम कम्युनियनला सोहळा बनविले. पांढरा झगा, हॉल, केटरर, फोटो. तिसरीतल्या मुलाची शिकवण त्या दिवशी संपते आणि नववीत दृढीकरणासाठी फॉर्म भरायला तो परत येतो. मधल्या सहा वर्षांत त्याला मिशा फुटलेल्या असतात आणि त्याचा देव मात्र अजून दुसरीच्या पुस्तकातलाच असतो. मग तो देव त्याला अपुरा वाटला तर दोष कोणाचा?

पुणे शहरातच घडलेली एक गोष्ट या संदर्भात आम्हाला वारंवार आठवते. ती आपल्या पंथाची नाही, तरीही. पंडिता रमाबाईंनी 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत काढलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यात आणले. बालविधवांना शिक्षण द्यायचे, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, असा करार होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर असे थोर लोक सल्लागार होते. रमाबाई स्वतः 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत मुलगी मनोरमेसह पहाटे बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. दार उघडे असे. हळूहळू मुली उंबरठ्याशी येऊन बसू लागल्या. गावात ओरड झाली, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, 1893 साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या.

रमाबाईंचे चुकले की नाही, यावर पुण्यात अजूनही वाद होऊ शकतो. पालकांनी विश्वासाने सोपविलेल्या मुली होत्या, हे आम्ही विसरू शकत नाही. साष्टीतल्या फर्मानाविषयी वर जे लिहिले त्यानंतर तर मुळीच नाही. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही, ढकलले नाही, दार तेवढे लावले नाही. तटस्थतेच्या करारात ते दार लावणे बसत होते का, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि रानडे-भांडारकरांनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले. आमचा प्रश्न वेगळा आणि आपल्या घरांपुरता आहे. आपली स्वतःची मुले, ज्यांच्याविषयी कोणाशी कसलाही करार नाही, त्यांना आपण कोणते उघडे दार दाखवितो? आईवडील प्रार्थना करताना मुलाने शेवटचे कधी पाहिले? त्याला प्रार्थनेला बसविलेले नव्हे. त्याच्या न कळत, त्यांची स्वतःची, गरजेची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 च्या ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणेत आईबापांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. आपले पालक मात्र मुलाला देवळाच्या फाटकात स्कूटरवरून उतरवितात आणि "तास झाला की फोन कर," असे सांगून भाजी आणायला जातात. त्यात आम्हा धर्मगुरूंचाही वाटा आहे. मुलांना आमच्याकडे पाठवा, असे आम्हीच वर्षानुवर्षे वेदीवरून सांगत आलो.

त्यातून पुण्याची आणखी एक अडचण भाषेची. आजीआजोबा मराठी मिस्साला येतात, नातवंडे इंग्रजी मिस्साला. येरवडा, वडगावशेरी, पिंपरी, कोठेही जा, मराठी घरातील मूल इंग्रजी शाळेत जाते आणि त्याला नमो मरियेची मराठी प्रार्थना अर्धी येते, इंग्रजी पूर्ण येते, आणि आजीला इंग्रजी येत नाही. एका घरात संध्याकाळी दोघांनी मिळून म्हणायची एक प्रार्थना उरलेली नाही. हे 1684 च्या हुकुमाने केलेले नाही. हे आपण फी भरून केले आहे. इंग्रजी शिकू नये असे कोण म्हणेल? पण स्टीफन्स स्वतः इंग्रज होते, आणि मुलांना शिकविण्यासाठी त्यांनी इंग्रजी वापरली नाही.

तर त्या मुलाचा प्रश्न. पुढच्या रविवारी आम्ही बंडेलूंची प्रत वर्गात नेली आणि मोठ्या उत्साहाने वाचायला लागलो. पाचव्या ओवीला जांभया सुरू झाल्या. जुनी मराठी त्यांना कळेना, आणि आम्हाला नीट वाचता येईना, कारण ओवी वाचायची नसते, हे आम्ही विसरलो होतो. प्रयोग फसला, असे समजून आम्ही पुस्तक मिटले. दाराशी एक आजीबाई नातीला न्यायला येऊन थांबल्या होत्या. श्रीरामपूरकडच्या, पुण्यात मुलाकडे आलेल्या. त्या म्हणाल्या, "फादर, असं नाही हो म्हणायचं. इकडं आणा." चष्मा काढून त्यांनी पुसला, एक ओवी दोनदा मनात वाचली आणि मग जात्यावरच्या चालीत लावली.

वर्ग गप्प झाला, असे लिहिण्याचा मोह होतो. पण दोघीतिघी मुली खिदळत होत्या. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने खिशातून मोबाईल काढला. आम्ही रागावणार, तोच दिसले की तो आजीबाईंचे गाणे त्यात उतरवून घेत होता.

तेव्हापासून महिन्यातून दोन रविवारी संध्याकाळी, पाळीपाळीने कोणाच्या तरी घरी, आम्ही जमतो. देवळात नाही, घरीच. आणि आईवडिलांनी बसायचे अशी अट आहे. चहा असतो. आजीबाई चाल लावतात, एक मुलगी फादर फलकाव यांच्या गद्यावरून अर्थ सांगते. कधी सातजण असतात, कधी तीन. इब्राहिमाच्या हकिकतीवर, देवाने बापाकडे मुलगा का मागावा, यावरून एका बाबांचे आणि त्यांच्या मुलीचे अर्धा तास कडाक्याचे भांडण झाले. आम्ही मध्ये पडलो नाही. आमच्या माहितीप्रमाणे त्या दोघांचे देवाविषयी झालेले हे पहिलेच बोलणे होते.

प्रश्न विचारणारा मुलगा चार वेळा आला, मग क्लासच्या परीक्षेमुळे येईनासा झाला. त्याच्या आईने सांगितले की, ती ध्वनिफीत त्याने गावी आपल्या आजोबांना पाठविली आणि आजोबांनी फोन करून कळविले की, चाल थोडी चुकली आहे. आता आजोबा दिवाळीत येणार आहेत. पोथी तोवर पहिल्या पुराणाच्या शेवटापर्यंत पोहोचेल, असा अंदाज आहे.